पुठ्ठा मिस्त्रींचं साधं ऑइल

आमच्या ह्यांना सगळे पुठ्ठा मिस्त्री म्हणायचे. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याची काही चूक नव्हती. गाडी दुरुस्तीला आली की इतर मिस्त्री आधी बॉनेट उघडतात, हे आधी पुठ्ठा शोधायचे. खोक्याचा एक जाड, स्वच्छ पुठ्ठा गाडीखाली सरकवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "उद्या सकाळी या." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो पण आवाज येतोय, तो तर ऐका. त्यावर हे म्हणायचे, "तुमचं ऐकून झालं. आता ती काय म्हणते ते बघू." सकाळी पुठ्ठा ओढून उजेडात धरायचा. काळा डाग इंजिनाचा, लालसर गिअरबॉक्सचा, हिरवट रेडिएटरचा. डाग कुठे पडलाय आणि किती पसरलाय यावरून बिघाड सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. बहुतेक वेळा म्हणते, कारण मी त्यांची बायको आहे, भक्त नाही.

मी लाँड्रीची व्हॅन चालवते. चालवायचे नाही, चालवते, एकसष्टावं सरलं तरी. पहाटे पाचला निघायचं, हॉस्पिटलच्या चादरी, दोन हॉटेलांचे टॉवेल, वृद्धाश्रमातली अंथरुणं पोचवायची, मळलेली उचलायची आणि अकराला घरी. आधी हे काम माझे वडील करायचे. त्यांची नजर गेली आणि किल्ली माझ्या हातात आली. तेव्हा बाई व्हॅन चालवते म्हटल्यावर लोक रस्त्यात थांबून बघायचे. मी पण बघून घ्यायचे त्यांच्याकडे.

या व्हॅनमुळेच आमचं जमलं. एकदा चढावर कसला तरी वास आला म्हणून मी ती ह्यांच्या शेडमध्ये नेली. ह्यांनी पुठ्ठा सरकवला, उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर पुठ्ठा कोरडा. "आजचा दिवस राहू दे, खात्री करू." तिसऱ्या दिवशी कोरडा. चौथ्या दिवशीही कोरडाच. लाँड्रीत माझ्या नावाने शंख चाललेला. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मिस्त्री, गाडीला काही झालेलं नाही हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?" त्यांचे कान लाल झाले. खाली बघत म्हणाले, "पुठ्ठा खोटं बोलत नाही. मी बोललो." त्यांनी मला मारलेली ती पहिली थाप. तीच शेवटची, असं मी पुढे कित्येक वर्षं समजून चालले होते.

पुढे लाँड्रीने ती व्हॅन मोडीत काढली, तेव्हा ह्यांनीच ती घेतली. घरामागे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा, खड्ड्यात उतरायला तीन लोखंडी पायऱ्या, आणि समोरच्या फळीवर ऑइलचा निळा डबा. पाच लिटरचा, पत्र्याचा, एका बाजूने पोचा आलेला, कडी तारेने बांधलेली. त्याचं झाकण पान्याने उचकटलं की 'टप्प' असा आवाज यायचा. दर तीन महिन्यांनी रविवारी सकाळी ऑइल बदलायचं. हे खड्ड्यात, मी वर बॅटरी धरून. बॅटरी जरा हलली की खालून आवाज यायचा, "अगं, उजेड माझ्या डोळ्यांत नको, नटावर पाड." मी म्हणायचे, "मग तुमचे डोळे नटावर ठेवा." जुनं काळं ऑइल परातीत पडायचं, मग वरून निळ्या डब्यातलं नवं ओतायचं. थंडीत ते मधासारखं सावकाश उतरायचं. मला ते बघायला आवडायचं. त्या वासाचा मला कधी कंटाळा आला नाही, आणि आता तर तो वास येईल तिथे मी उगाच दोन मिनिटं थांबते.

ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, ह्यांच्याच हाताखाली शिकले. पण ते होते हुशार. त्यांनी खड्ड्यात उतरायचं सोडलं आणि मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान टाकलं. फिल्टर, वायपर, सीटची कव्हरं आणि भिंतभर सिंथेटिक ऑइलचे चकचकीत डबे. हे त्यांना 'शोरूमवाले' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, पण त्यात एक चिमूट मीठ असायचं.

दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. भावजींनी सगळ्यांच्या देखत ह्यांच्या हातात एक सोनेरी डबा ठेवला. "दादा, पहिला डबा तुला. व्हॅनमध्ये टाक. साध्या ऑइलचे दिवस गेले." दिलं मनापासूनच होतं. पण ह्यांना वाटलं, आपलेच दिवस गेले असं म्हणतोय. त्यांनी तो डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "जुन्या इंजिनाला हे तुझं पातळ पाणी मानवत नाही. इतक्या वर्षांची काजळी आत धरलेली असते, ती हे धुऊन काढणार, मग बसा गळती मोजत. हा तुझा डबा माझ्या शेडमध्ये कधी उघडणार नाही, सांगून ठेवतो." जाऊबाई हळूच म्हणाल्या, "दादांना नवीन काही पटतच नाही." झालं. मला बोलायला कोणी लागत नाही. "ज्यांनी तुमच्या नवऱ्याच्या हातात पहिला पाना दिला, त्यांना तुम्ही शिकवताय? तुमचं पाणी तुमच्यापाशीच ठेवा," असं मी भर दुकानात म्हणाले आणि ह्यांना घेऊन बाहेर पडले. त्यानंतर दोन घरांचं येणं-जाणं जवळजवळ बंद झालं. काही कार्य असलं तर जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं.

खरं सांगते, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. नवऱ्याचा शब्द मी खाली पडू दिला नाही, असं वाटायचं.

त्याच वर्षी थंडी फार पडली. पहाटे व्हॅन काही केल्या सुरू होईना. स्टार्टर नुसता कण्हायचा. मी आत बसून हातावर फुंकर घालायचे, वीस वीस मिनिटं जायची. मला खोकला धरला तो जाईचना. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, थंडीत बसू नका. मी म्हटलं, चादरी काय तुम्ही पोचवणार का? हे दाराशी उभे राहून ऐकत होते.

पंधरा दिवसांनी व्हॅन पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मी आत येऊन विचारलं, काय केलंत? "नवी बॅटरी टाकली," म्हणाले. आणखी काही दिवसांनी सकाळी व्हॅनखालच्या पुठ्ठ्यावर रोजच्या एका थेंबाऐवजी सात-आठ दिसले. मी पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. चहाच्या कपातून मान वर न करता म्हणाले, "पुठ्ठा नवा आहे. नव्या पुठ्ठ्यावर जास्त दिसतं." मी ऐकून घेतलं. माणूस पुठ्ठ्यातला, मी कोण बोलणार?

मग एकदा त्यांनी इंजिन तीन दिवस उघडून ठेवलं. सुट्टी घ्यावी लागली म्हणून मी चिडले होते. पण त्यानंतर पुठ्ठ्यावर थेंब पडायचा तो बंदच झाला. आणि तेव्हापासून रविवारची बॅटरी धरायची पाळीही गेली. "तू दुपारी झोप, पहाटे उठायचं असतं तुला," असं म्हणून मी झोपल्यावर ते एकटेच ऑइल बदलून मोकळे व्हायचे. तेही वर्षातून चारदाचं दोनदावर आलं. कारण विचारलं तर म्हणाले, "वय झालं तिचं, आता कमी खाते." ऑइलची पातळी बघायच्या काडीला तर हातच लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, किती काळजी करतो हा माणूस.

आणि मी काय केलं असेल? एका लग्नात मी तो कोरडा पुठ्ठा पिशवीत घालून घेऊन गेले. हो, साडी नेसून, पुठ्ठा घेऊन. भावजींपुढे धरला आणि म्हणाले, "बघा. साधं ऑइल, जुनं इंजिन आणि एक थेंब नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?" भावजींनी पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. ह्यांच्याकडे बघितलं. हे पलीकडे कोणाच्या तरी बुटांकडे बघत होते. "खरंय वहिनी," भावजी म्हणाले, "दादाचा हात आहे त्यात." पुठ्ठा त्यांनी ठेवूनच घेतला. जिरली, असं मला वाटलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली.

हे गेले त्याला आता सात महिने होतील. आजार फार नव्हता. आदल्या आठवड्यात व्हॅनचं ऑइल बदललं, निळा डबा पुन्हा भरून फळीवर ठेवला, कडीची तार नवी घातली. मग ताप आला आणि हॉस्पिटलात चार दिवस. त्यांच्या अंगाखालची चादर मीच सकाळी पोचवलेली होती. त्यांची मला फार आठवण येते. शेडमध्ये गेलं की जास्त येते.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो फोनवर म्हणतो, "आई, आता बास. व्हॅन काढून टाक, माझ्याकडे ये." मी म्हणते, इंजिन बंद पडलं की येते. तो म्हणतो, ते कधी पडणार? मी म्हणते, तुझ्या बाबांना विचार. पण आतून मला धास्ती होती. ऑइल बदलायची वेळ टळून गेली होती आणि मी रोज पुढे ढकलत होते. इंजिनात जे फिरत होतं ते ह्यांनी ओतलेलं होतं. ते परातीत काढायचं म्हटलं की माझा हात पुढे होईना.

त्यात नाक्यावरच्या ऑइलवाल्या दुकानदाराने सांगितलं, ते साधं ऑइल आता येत नाही, सिंथेटिक घेऊन जा. म्हणजे फळीवरचा एक निळा डबा, तो संपला की संपलं. मग ते पाणी घालायचं, काजळी धुऊन निघणार, इंजिन गळणार, व्हॅन भंगारात आणि मी मुलाच्या घरी खिडकीत बसून लोकांच्या गाड्या बघणार. ह्यांनी सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो डबा होता तोवर मला सहा महिन्यांची मुदत होती, एवढंच.

शेवटी काडी बघितली, ऑइल डांबरासारखं काळं झालेलं. खड्ड्यात उतरणं माझ्याच्याने होणार नव्हतं. दुसऱ्या कोणा मिस्त्रीला ह्यांच्या खड्ड्यात उतरू द्यायला मन घेईना. तेव्हा अडला हरी, मी भावजींना फोन केला. जाऊबाईंनी उचलला. मी कोण बोलतेय ते सांगितलं, त्या एवढंच म्हणाल्या, "पाठवते."

भावजी रविवारी सकाळी आले. दुकानदार झाल्यापासून त्यांना इस्त्रीच्या शर्टातच बघितलेलं, त्या दिवशी जुनी खाकी पँट घालून आले होते. हातात काही नव्हतं. मी आधीच सांगून टाकलं, "भावजी, ऑइल माझ्याकडे आहे. ह्यांचंच आहे. तुमच्याकडचं काही नको."

"बरं, वहिनी."

"तुमचे दादा काय म्हणायचे ते तुम्हाला आठवत असेलच."

"शब्द न शब्द आठवतो," म्हणाले आणि तीन पायऱ्या एकेक करून उतरले. त्यांचेही गुडघे आता वाजतात. खालून म्हणाले, "उजेड जरा नटावर पाडा." मी उजेड बरोबर नटावर पाडला.

जुनं ऑइल परातीत पडलं. मी तिकडे बघितलं नाही. त्यांनी नट बसवला, फिल्टर बदलला आणि म्हणाले, आता वरून ओता. मी निळा डबा फळीवरून काढला. तार सोडली, पान्याने झाकण उचकटलं. टप्प. मी नरसाळं लावलं आणि ओतायला लागले.

एवढी वर्षं ऑइल ओतताना बघितलेली बाई मी. ते मधासारखं पडायला हवं होतं. हे सळसळत गेलं. रंग फिकट, जवळजवळ सोनेरी. मी डबा सरळ केला.

"भावजी, हे खराब झालंय. पाण्यासारखं पडतंय."

खालून नुसता पाना ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना? माझा शेवटचा डबा होता हा."

भावजी वर आले. हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "खराब नाही, वहिनी. ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे?"

"माझ्या दुकानातलं आहे ते. अकरा वर्षं माझ्याच दुकानातलं आहे."

मी उपड्या क्रेटवर बसले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. दुकान उघडल्यानंतरच्या त्या थंडीत एके दिवशी दुपारी दादा चालत दुकानात आला. बगलेत हा रिकामा निळा डबा. म्हणाला, तिला पहाटे थंडीत बसावं लागतं, छाती भरलीय तिची. जाड ऑइलवर इंजिन गारठतं. तुझं ते पाणी दे, पण या डब्यात दे.

"पहिल्यांदा दोन वेळा लवकर बदललं," भावजी म्हणाले. "दादा बोलला होता तसंच झालं. काजळी सुटली, इंजिनाच्या सांध्यांतली जुनी रबरी सील गळायला लागली. मग मी नवी सील दिली, त्याने तीन दिवस इंजिन उघडून ती बसवली. तेव्हापासून थेंब नाही."

"आणि पुठ्ठा नवा होता," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. पुढे सांगा. मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्याला, वहिनींना सांगून टाक. तो म्हणाला, ती माझ्या शब्दासाठी तुझ्या भरल्या दुकानात भांडली. आता मीच शब्द फिरवला असं कळलं तर ती तोंडघशी पडेल. माझं राहू दे, तिची मान खाली जायला नको. झाकली मूठ ठेव."

मला आधी राग आला. मनापासून आला. अकरा वर्षं या दोघा भावांनी मिळून मला खुळ्यात काढलं. बॅटरी नवी, पुठ्ठा नवा, ती कमी खाते, तू झोप. आणि मी साडी नेसून पुठ्ठा मिरवत होते, तोही ऑइल देणाऱ्याच्याच नाकासमोर. "भावजी, त्या लग्नात तुम्ही हसला कसे नाहीत?"

"घरी जाऊन हसलो," म्हणाले. "पुठ्ठा अजून आहे दुकानात. काउंटरच्या आत लावलाय. हिने फेकायला काढला होता, मी दिला नाही."

मग मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, दोन्ही एकदमच. भावजी परातीकडे बघत उभे राहिले.

अहो, मला सांगितलं असतं तर मी काय चिडले असते? चिडले असते. आठ दिवस बोलले नसते. भावजींच्या दारात जाऊन माफी मागावी लागली असती, ते तर मेल्याहून मेल्यासारखं. एवढं सगळं ह्यांना ठाऊक होतं, म्हणून अकरा वर्षं लहान मुलासारखं चोरून ऑइल बदलत राहिले, गुडघे दुखत असताना. मी त्यांचा शब्द सांभाळत होते आणि ते माझा.

उठले. उरलेलं ऑइल ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत डबा उपडा धरून ठेवला. काडी बघितली, बरोबर खुणेवर. केबिनमध्ये चढून किल्ली फिरवली. पहिल्याच फिरकीला सुरू झाली. नवी बॅटरी, मी मनात म्हटलं.

भावजींनी खिडकीशी येऊन इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. "चालेल अजून बरीच वर्षं. वहिनी, सहा महिन्यांनी मी नवा डबा घेऊन येतो. आता लपवायचं काही राहिलं नाही."

"नवा डबा नको," मी म्हटलं. खाली उतरले, निळ्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. "हाच घेऊन जा. यातच भरून आणा."

"आता कोणापासून लपवायचं?"

"ते काय म्हणाले होते तुमच्या दुकानात? शब्द न शब्द आठवतो ना तुम्हाला?"

भावजींनी आठवून सांगितलं. "हा तुझा डबा माझ्या शेडमध्ये कधी उघडणार नाही."

"मग? उघडला का?"

भावजी डब्याकडे बघत राहिले. "नाही," म्हणाले, "नाही उघडला."

"मग माझ्या हातूनही उघडायला नको. आणि येताना जाऊबाईंना घेऊन या, त्यांच्याशी मला बोलायचंय."

त्यांनी डबा बगलेत धरला आणि फाटकाबाहेर गेले. मी शेडमध्ये परत आले, एक जाड पुठ्ठा शोधला आणि व्हॅनखाली सरकवला.